चौथी तार : क्वीनचा जॉन डीकन आणि त्यांचे लाइव्ह शो

खर्जवाला (धागाकर्ता):

परवा रविवारी भाचा घरी आला होता. वय वर्षं १४, कानात कायम काहीतरी खुपसलेलं. म्हटलं याला जरा आमच्या काळातलं दाखवू, म्हणून टीव्हीवर 'लाइव्ह एड' या मदतनिधीसाठीच्या मोठ्या संगीत कार्यक्रमाचं चित्रण लावलं. १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम, ७२,००० माणसं आणि क्वीन या इंग्रज रॉक बॅण्डची ती जेमतेम २१ मिनिटं. पोरगं गायक फ्रेडी मर्क्युरीवरून नजर हलवणार नाही याची मला खात्री. 'रेडिओ गा गा'च्या टाळ्या सुरू झाल्या, अख्खं स्टेडियम एकदम हात वर करतंय, माझ्या अंगावर नेहमीप्रमाणे काटा, आणि हा विचारतो, "मामा, तो मागे ड्रमवाल्याला चिकटून उभा आहे तो कोण? त्याला कोणी दाखवतच नाही."

तो जॉन डीकन. मी बेस (खर्जाची, चार तारांची गिटार) हातात घेतला तो या माणसामुळे, आणि मलाही तो 'दिसायला' बरीच वर्षं लागली होती. पोराने पाच मिनिटांत हेरला. जरा जळलोच.

थोडी कुंडली मांडतो. जन्म १९५१, इंग्लंडमधलं लेस्टर. लंडनच्या चेल्सी कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी, तीही पहिल्या वर्गात. १९७१ मध्ये क्वीनमध्ये आला तेव्हा १९ वर्षांचा होता. त्याच्याआधी फ्रेडी, गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर या तिघांनी तीन बेसिस्ट वापरून पाहिले होते, एकही टिकला नाही. हा टिकला. पहिल्या रेकॉर्डवर तर त्याचं नाव उलटं छापलंय, 'डीकन जॉन'. चौघांत वयाने सगळ्यात लहान, बोलायला सगळ्यात कमी, आणि गळा नाही म्हणून गाण्याच्या भानगडीत न पडणारा.

आता भाच्याने विचारल्यावर मी पहिल्यांदाच बोटांवर मोजलं. लाइव्ह एडच्या त्या २१ मिनिटांत सहा गाणी झाली. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा तुकडा फ्रेडीचा, 'रेडिओ गा गा' रॉजरचं, 'हॅमर टू फॉल' ब्रायनचं, 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' फ्रेडीचं, 'वी विल रॉक यू' ब्रायनचं, 'वी आर द चॅम्पियन्स' फ्रेडीचं. डीकनचं शून्य. ज्या कार्यक्रमामुळे क्वीनला लोकांनी पुन्हा डोक्यावर घेतलं त्यात या माणसाचं एकही गाणं नाही! त्यातून 'वी विल रॉक यू'च्या मूळ रेकॉर्डमध्ये बेसच नाही. पाय, टाळ्या, गळा आणि शेवटी ब्रायनची गिटार, बास.

आणि गाणी तर कसली लिहिलीत त्याने. 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' (१९७५, बायकोसाठी), 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री' (१९८४), आणि 'अनदर वन बाइट्स द डस्ट' (१९८०). अमेरिकेत क्वीनची दोनच गाणी पहिल्या नंबरावर पोचली, त्यातलं एक हे शेवटचं.

त्याच्याबद्दलच थोडं लिहून थांबतो. ज्यांनी कधी बेस धरला नाही त्यांनी हे गाणं लावा आणि फक्त खालचा आवाज ऐका. दोन पायऱ्या उतरून 'ई' या सुरावर तीन ठोके. मग काहीच नाही. मग पुन्हा तेच तीन ठोके, वर एक हेलकावा, आणि वाक्य अर्धवट सोडून दिल्यासारखं 'ए'वर थांबणं. सूर म्हणाल तर तीनच. शिकवणीच्या दुसऱ्या आठवड्यात वाजवता येतं. मी गेली २२ वर्षं वाजवतोय आणि ते मधलं 'काहीच नाही' मला अजून धड वाजवता येत नाही. बोट शिवशिवतं. काहीतरी भरावंसं वाटतं. डीकनला वाटत नसे.

तर हा धागा त्याच्यासाठी. त्याचं आवडतं वाजवणं, क्वीनच्या लाइव्ह शोंच्या चित्रफिती, आठवणी, काहीही येऊ द्या. फ्रेडीवर धागे ढिगाने आहेत, इथे त्याला जरा कमी येऊ द्या.

डग्गा:

वा! झकास धागा. मी तबलजी, रॉकमधलं मला ओ की ठो कळत नाही असं बायकोचं मत आहे, तरी लिहितो.

तबला सोलो असतो तेव्हा पेटीवाला लेहरा धरतो. तोच एक तुकडा, तासभर. लोक तबलजीला दाद देतात, पेटीवाल्याकडे ढुंकून बघत नाहीत. पण लेहरा एक मात्रा जरी सरकला तरी तबलजी तोंडघशी. 'अनदर वन' मध्ये मला तो लेहरा ऐकू येतो. ड्रम, गिटार, फ्रेडीचं किंचाळणं सगळं त्याच्याभोवती फिरतं, तो जागचा हलत नाही. फक्त इथे लेहरेवाल्यानेच गाणं लिहिलंय आणि गिटारचे बहुतेक तुकडेही त्यानेच वाजवलेत, एवढा फरक.

जागा सोडण्याबद्दल लिहिलंस ते पटलं. आमचे गुरुजी म्हणायचे, बायां घुमवायचा मोह ज्याला आवरतो त्यालाच साथीला बोलावतात. मला क्वचित बोलावतात, यावरून काय ते समज.

पेणचा_पापड:

वाचनखूण साठवली. आणि पॉपकॉर्न घेऊन बसतोय, आत्ता कोणीतरी 'पण एंटविसल...' म्हणणार.

शेंगदाण्याची_चटणी:

पण एंटविसल!

हलके घ्या, पण खर्जवालाराव, भक्ती जरा आवरा. 'द हू' बॅण्डचा बेसिस्ट जॉन एंटविसल ऐकलाय ना? १९६५ सालच्या 'माय जनरेशन'मध्ये त्याने बेसवर सोलो वाजवला तेव्हा डीकन शाळेत होता. 'लेड झेपेलिन'चा जॉन पॉल जोन्स बेस, ऑर्गन, मॅन्डोलिन सगळं वाजवायचा. 'येस'चा ख्रिस स्क्वायर तर बेसवर मुख्य गिटारसारखा चालायचा. या लोकांपुढे डीकन म्हणजे नेमून दिलेलं काम चोख करणारा हेडक्लार्क. चांगला हेडक्लार्क, मान्य. पण धागा काढण्याइतका?

खर्जवाला:

@शेंगदाण्याची_चटणी, एंटविसल माझ्याही देव्हाऱ्यात आहे. फक्त 'द हू'मध्ये गिटार, बेस आणि ड्रम तिघंही एकदम बोलायचे आणि तेच त्यांचं सौंदर्य. क्वीनमध्ये आधीच एक माणूस पियानो वाजवत गातोय, दुसऱ्याने गिटारवर गिटार चढवून अख्खा वाद्यवृंद उभा केलाय, वर तिघांचे गळे थरांवर थर रचलेत. तिथे चौथा एंटविसल आला असता तर मंडई झाली असती.

आणि डीकनला वाजवता येत नव्हतं असं नाही हो. १९७६ सालचं 'द मिलियनेर वॉल्ट्झ' ऐका. सुरुवातीची जवळपास दोन मिनिटं ड्रम नावालाच, फ्रेडीचा पियानो आणि डीकनचा बेस दोघंच एकमेकांभोवती वॉल्ट्झ करतायत. चालणारा, पळणारा, मध्येच पियानोला चिमटा काढणारा बेस. नाहीतर १९८० चं 'ड्रॅगन अटॅक'. हे ऐकूनही हेडक्लार्क म्हणालात तर त्या कचेरीत मला नोकरी द्या.

शेंगदाण्याची_चटणी:

'मिलियनेर वॉल्ट्झ' आत्ता हेडफोन लावून ऐकलं. पुन्हा ऐकतो. तूर्तास हेडक्लार्कचा सुपरिंटेंडंट करतोय.

सोल्डरगन:

इथे एका गोष्टीचा उल्लेख कसा नाही? डीकीचा ॲम्प, म्हणजे डीकनने बनवलेलं गिटारचा आवाज मोठा करायचं खोकं!

माझा धंदा सर्किटचा, म्हणून माझ्यासाठी डीकन आधी इलेक्ट्रॉनिक्सवाला आणि मग बेसिस्ट. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. लंडनमध्ये रस्त्याकडेला कचऱ्याच्या मोठ्या पेटीत त्याला एक सर्किट बोर्ड पडलेला दिसला. तो उचलला, घरी आणला, आणि पुस्तकांच्या फळीवर ठेवतात तसल्या छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवला. चालतो बॅटरीवर. आवाज कमीजास्त करायला बटण नाही, सूर बदलायला बटण नाही, काहीच नाही. बनवला होता घरी गिटारचा सराव करायला.

ब्रायन मेने आपली ती घरी बनवलेली गिटार त्याला जोडून पाहिली आणि त्यातून व्हायोलिन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट असले आवाज यायला लागले. १९७५ च्या 'गुड कंपनी'त जो जुन्या जॅझवाल्यांचा ताफा वाजतोय असं वाटतं तो सगळा ब्रायनची गिटार आणि या कचऱ्यातल्या खोक्याचा प्रताप. ब्रायनने तो ॲम्प पुढे कित्येक वर्षं वापरला. नंतर लोकांनी तो उघडून, मोजून, त्याच्या नकला बनवून विकल्या.

मी कॉलेजात असताना पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन किलोवर जुने बोर्ड आणायचो. त्यातून एक ॲम्प केला होता. गिटार लावली की आकाशवाणी लागायची. गिटारचा आवाजही यायचा म्हणा, पण बातम्या संपल्यावर.

मुठाकाठ:

@सोल्डरगन, बातम्या संपल्यावर! :-D

लाइव्ह शोंवर लिहायला मी आले. सगळे वेम्ब्लीचं नाव घेतात, '८५ चं किंवा '८६ चं. मी मॉन्ट्रियल सगळ्यात वर ठेवते. २४ आणि २५ नोव्हेंबर १९८१, दोन रात्री, आणि सिनेमासाठी वापरतात त्या ३५ मिमी फिल्मवर चित्रित केलेलं. स्टेडियम नाही, बंदिस्त हॉल. त्यामुळे बोटं दिसतात. रंगमंचावर पाहुणा वादक नाही, फक्त चौघं. ब्रायन सोलो घ्यायला लागला की मागे गिटारची साथ बंद होते, कारण दुसरा गिटारवाला आहेच कुठे? त्या वेळी डीकनकडे बघा. तो थोडा रॉजरकडे सरकतो, वाजवणं किंचित जाड करतो, आणि मोकळी झालेली जागा दोघं मिळून भरून काढतात. सोलो संपला की पुन्हा आपल्या जागी. एकदा हे दिसलं की पुढे दर वेळी तेच दिसतं.

शिवाय त्यात 'अंडर प्रेशर' आहे, तेव्हा गाणं येऊन जेमतेम महिना झालेला. ते सात ठोके सुरू झाल्यावर लोकांचा जो आवाज येतो तो ऐकाच.

आणि त्याचा नाच! कोणी नाचाबद्दल का लिहीत नाही? खांदे वर, कोपरं आत, दोन पावलं पुढे दोन मागे. लग्नात वरातीच्या कडेला उभं राहून 'मी नाही नाचत' म्हणणारे काका असतात ना, ज्यांचे पाय मात्र थांबत नाहीत, अगदी तसा.

डग्गा:

मुठाकाठताई, ते सात ठोके म्हणजे नक्की काय, इथल्या माझ्यासारख्या अडाण्यांसाठी कोणीतरी सोडवून सांगा.

खर्जवाला:

सहा वेळा एकच सूर, 'डी', आणि सातव्याला खालचा 'ए'. म्हणजे सा धरलास तर सा सा सा, सासा सा, आणि खालचा प. चौथा-पाचवा झटपट, बाकीचे निवांत. मध्ये जागा सोडलीय तिथे टाळ्या आणि चुटक्या बसतात.

१९८१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या स्टुडिओत क्वीन आणि गायक डेव्हिड बोवी एकत्र बसले तेव्हाचं हे. रॉजरने सांगितलेला किस्सा असा की डीकनने दिवसभर हे वाजवलं, सगळे जेवायला गेले, परत आले तर हा पठ्ठ्या साफ विसरलेला! रॉजरला आठवत होतं म्हणून वाचलं. हे मुळात कोणाला सुचलं यावर मात्र त्या लोकांच्याच आठवणी जुळत नाहीत, डीकनने स्वतः तर श्रेय बोवीला देऊन टाकलं होतं. पुढे १९९० मध्ये एका अमेरिकन रॅपरने हेच उचलून गाणं केलं आणि त्यावरून रामायण झालं ते वेगळं.

अवांतर: क्वीन आणि बोवी हे गाणं फ्रेडी असेपर्यंत एका मंचावर कधीच गायले नाहीत. २० एप्रिल १९९२ ला वेम्ब्लीत फ्रेडीच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला तेव्हा बोवीबरोबर ॲनी लेनॉक्स गायली. बेसवर अर्थात डीकनच.

सायडिंगची_लोकल:

बेस नसला की काय होतं ते मी स्वतः पाहिलंय, म्हणून लिहितो. मोठा प्रतिसाद आहे, सांभाळून घ्या.

नव्वदच्या दशकात आम्ही मुंबईत चौघांनी बॅण्ड काढला होता. बेस माझ्याकडे आला तो सगळीकडे येतो तसाच: दोघांना गिटार माझ्यापेक्षा बरी यायची, आणि ड्रम विकत घ्यायची कोणाच्या बापाची ऐपत नव्हती, तो ज्याच्याकडे होता तो ड्रमर. धोबी तलावाच्या रंगभवनात आय-रॉक हा रॉक महोत्सव बघायला जायचो, तिथे कधीतरी वाजवू अशी स्वप्नं. उघड्यावरचं थिएटर, लाकडी बाकं, घामाने चिंब काळे टी-शर्ट. (ते पुढे आवाजाच्या नियमांनी बंद पडलं. शेजारी कॉलेज, इस्पितळं. पटतंही आणि हळहळही वाटते.) स्वप्नं तिथली, प्रत्यक्षात आम्ही पोचलो एका उपनगरी कॉलेजच्या फेस्टपर्यंत.

तिथे आम्ही 'अनदर वन' घेतलं. सुरुवात माझी. पहिल्या तीन ठोक्यांना मागच्या बाकांवरून आरोळी आली. आयुष्यात पहिल्यांदा बेस ऐकून कोणीतरी ओरडलं होतं आणि तो बेस माझा होता. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर आयोजकांनी भाड्याने आणलेल्या ॲम्पमधून 'फट्ट' झालं आणि मी गायब. हातातल्या तारांचा नुसता टिकटिक आवाज, लोखंडी खाटेवर नख मारल्यासारखा.

पुढचं सांगतो ते महत्त्वाचं. ड्रम चालू होता. गिटार चालू होती. गाणारा गात होता. काही थांबलं नव्हतं. पण समोर नाचणारी पोरं दहा सेकंदांत थांबली. कोणालाच कळलं नाही का ते. पहिल्या रांगेतली एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "काय झालं गं यांना?" ड्रमर माझ्याकडे बघतोय, मी ॲम्पकडे, ॲम्प कोणाकडेच बघत नाहीये. शेवटी गाणाऱ्याने माइक माझ्या तोंडासमोर धरला आणि मी उरलेला बेस तोंडाने म्हटला. डुम डुम डुम. शप्पथ. लोक परत नाचायला लागले.

त्या दिवसापासून मला कोणी "बेस ऐकूच येत नाही रे गाण्यात" म्हटलं की मी वाद घालत नाही.

पेणचा_पापड:

दंडवत. डुम डुम डुम.

मुठाकाठ:

@लोकल, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख व्हायला हवा. "ॲम्प कोणाकडेच बघत नाहीये" :-D

टेबललँड:

खर्जवालांनी फ्रेडी कमी आणा म्हटलंय, पण मी पाचगणीचा आहे, तेव्हा एक परिच्छेद माझा हक्काचा.

फ्रेडी, म्हणजे फारुख बलसारा, जन्म झांझिबारचा, पारशी, आणि शाळा आमच्या इथली सेंट पीटर्स. आठव्या वर्षी बोर्डिंगला आला. शाळेत पोरांनी 'हेक्टिक्स' नावाचा बॅण्ड काढला होता त्यात तो पियानो वाजवायचा. क्वीनवरच्या २०१८ च्या सिनेमानंतर तर सीझनला दर आठवड्याला कोणीतरी गाडी थांबवून विचारतं, "फ्रेडी मर्क्युरीची शाळा कुठे?" मी रस्ता सांगतो. स्ट्रॉबेरीवाल्यांनाही आता नाव पाठ झालंय. क्वीन मात्र फ्रेडी असताना भारतात कधी वाजवून गेलं नाही. पाचगणी सोडा, मुंबईतही नाही. १९८१ मध्ये ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या स्टेडियमात लाखाच्या वर माणसांपुढे वाजवलं, '८६ ला लोखंडी पडद्याआड बुडापेस्टला गेले, तिथे फ्रेडीने तळहातावर शब्द लिहून हंगेरीचं लोकगीत म्हटलं. आमच्याकडे आले असते तर त्याला तळहातावर काही लिहावं लागलं नसतं, शाळेत हिंदी-मराठी कानावर पडलेलीच होती.

डीकनबद्दल मला एवढंच माहीत आहे की भाच्यासारखा प्रश्न मला आजवर एकाही पर्यटकाने विचारला नाही.

लेस्टरकर:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो. मी लेस्टरजवळ ओडबीत राहतो. हो, तेच ओडबी जिथे डीकन लहानाचा मोठा झाला. लेस्टर म्हटलं की आपल्या लोकांना बेलग्रेव्ह रोडची दिवाळी आठवते, ओडबी त्याच्या दुसऱ्या टोकाला, शांत, हिरवळ कापणाऱ्या लोकांचं गाव. इथे राहिल्यावर तो माणूस असा का होता ते थोडं कळतं.

शाळेत असताना त्याचा 'द ऑपोझिशन' नावाचा बॅण्ड होता. लेस्टरच्या आसपासच्या क्लबांमधून वाजवायचे. त्यात तो आधी साथीची गिटार वाजवायचा, बेसिस्टला काढल्यावर बेसवर गेला. म्हणजे सायडिंगच्या लोकलसारखीच कथा. आणि गंमत बघा: १९७० मध्ये त्याने लंडनला क्वीनचा कार्यक्रम प्रेक्षक म्हणून पाहिला होता, आणि त्याला तो काही विशेष वाटला नव्हता!

आता जरा वेगळं मत. १९८२ च्या 'हॉट स्पेस' रेकॉर्डवर रॉकवाले चाहते खवळले होते, हे काय डिस्को लावलंय म्हणून. त्या फंकी वळणाचं मोठं खापर डीकनवर फोडतात. मला त्याच वर्षीचा मिल्टन कीन्सचा शो प्रचंड आवडतो. त्यात 'स्टेइंग पॉवर' बघा. खालचा बेस कीबोर्डवर चाललाय आणि डीकन चक्क गिटार घेऊन उभा. कापरासारखी हलकी, कट-कट वाजणारी गिटार. रेकॉर्डवर ते गाणं मला मेंगळट वाटायचं, इथे त्याला हाडं आलीत. १९८२ चा क्वीन वाईट होता म्हणणाऱ्यांनी रेकॉर्ड ऐकलीय, शो पाहिलेला नाही.

शेंगदाण्याची_चटणी:

लेस्टरकर, स्वागत. मिल्टन कीन्सला +१.

मी आता पक्षांतराच्या उंबरठ्यावर आहे, पण एक गोष्ट खटकते ती विचारतो. फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला. डीकनने १९९२ चा कार्यक्रम केला, जानेवारी १९९७ मध्ये पॅरिसला एकदा वाजवलं, त्याच वर्षी फ्रेडीसाठीचं एक गाणं रेकॉर्ड केलं आणि दुकान बंद. २००१ मध्ये अमेरिकेत बॅण्डचा मोठा सन्मान झाला तिथेही गेला नाही. बाकीचे दोघे पुढेही कित्येक वर्षं गावोगाव वाजवत राहिले. ब्रायन मेने इतक्या वर्षांत खगोलशास्त्राची पीएचडीसुद्धा पुरी केली. आणि हा ४६ व्या वर्षी घरी. चाहत्यांना काहीच देणं लागत नाही का कलाकार?

मुठाकाठ:

काय देणं लागतो? २६ वर्षं वाजवलं ना.

मी तेव्हा लंडनला होते, जून २०२२ मध्ये ओ-टू अरीनात ब्रायन, रॉजर आणि गायक ॲडम लॅम्बर्ट यांचे दहा शो झाले, त्यातला एक पाहिला. सुंदर झाला. बेसला नील फेअरक्लफ, उत्तम वाजवतो, एक सूर इकडचा तिकडे नाही. ॲडमने फ्रेडी व्हायचा प्रयत्न केला नाही हे मला फार आवडलं. 'अनदर वन' सुरू झालं, वीस हजार लोक उभे, मीही नाचले. आणि मध्येच मला त्या कोपऱ्यात वरातीतले काका दिसेनात. डोळ्यांत पाणी वगैरे नाही आलं, उगाच खोटं सांगणार नाही. पण त्यानंतरचं अर्धं गाणं मी बेसिस्टच्या पायांकडे बघत होते.

आणि कोणीतरी अधूनमधून त्याचे रस्त्यात चोरून काढलेले फोटो टाकतं, 'बघा आता कसा दिसतो'. या धाग्यावर कृपया टाकू नका. भाजी आणायला निघालेला म्हातारा माणूस आहे तो.

खर्जवाला:

मुठाकाठ, अनुमोदन. फोटो दिसला तर संपादकांना कळवीन.

@चटणी, मला तुमचा प्रश्न रास्त वाटतो. मीही एके काळी चिडलो होतो त्याच्यावर. पण फ्रेडीच्या जागी दुसरा आणण्यात अर्थ नाही असं त्याला वाटत होतं आणि ते त्याने सांगितलंही होतं. उरलेल्या दोघांना चालू ठेवावंसं वाटलं, तेही बरोबरच. त्यांच्यामुळे मुठाकाठला तो शो मिळाला. दोन्ही बाजूंना माझा हात जोडून नमस्कार.

डग्गा:

मैफलीत साथीदार बदलतो तेव्हा गाणारा तोच असतो. इथे गाणाराच गेला. साथीदार घरी बसला तर नवल काय.

सोल्डरगन:

अवांतर होतंय, पण बेसचं कौतुक चाललंच आहे तर टोनी वाझ यांचं नाव कोणीतरी घ्या. पंचमदांचे बेसिस्ट. आपण ती गाणी आयुष्यभर गुणगुणतो आणि खाली बोटं कोणाची होती ते कोणी विचारत नाही. गोव्याच्या वादकांवर वेगळा धागा हवा खरं तर.

पेणचा_पापड:

@सोल्डरगन, काढा धागा. मी पॉपकॉर्न आणतो.

सायडिंगची_लोकल:

खर्जवाला, भाच्याचं पुढे काय झालं ते राहिलंच की.

खर्जवाला:

सांगायचं राहिलं होतं खरं. भाचा माझा जुना बेस घेऊन गेलाय. मी त्याचा तिसरा मालक, एक खुंटी सैल, तारा गंजलेल्या. नव्या तारा घालून दिल्या. 'अंडर प्रेशर'पासून सुरुवात केलीय. रोज संध्याकाळी साडेसहा ते सात, सा सा सा, सासा सा, प. ताईचा दोनदा फोन येऊन गेला, "तुला हेच द्यायचं होतं का त्याला, बासरी नव्हती का घरात?"

काल तिचा पुन्हा फोन. म्हटलं आता बेस परत येतोय. तर म्हणाली, खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या होत्या. ताई आधीच ओशाळली, आवाजाबद्दल बोलणार म्हणून. काकू म्हणाल्या, "आज सहाच वाजले गं, शेवटचा आलाच नाही. बरा आहे ना तो?"

तार तुटली होती. चौथी.